फ्रिजातले डेंगळे: हिवाळी कंदांच्या नोंदी

५ ऑक्टोबर, रविवार

खोकं आलं एकदाचं. दसऱ्याच्या आधी येणार होतं, दसऱ्यानंतर आलं, पण आलं. आत विलायती फुलांचे कांदे: हायसिंथचे ८ (४ डेल्फ्ट ब्लू जातीचे, ४ पिंक पर्ल), ट्युलिपचे १०, अमरेलिसचे २ धटिंगण, आणि पेपरव्हाइट नार्सिससचे १५. खर्च साडेतीन हजार, नवऱ्याला दोन सांगितलाय.

ट्युलिपचे दोन कांदे मऊ निघाले, बोटाने दाबलं की आत जातंय, वर हिरवट निळी बुरशी. विकणाऱ्याला कळवलं तर फोटो पाठवा म्हणाला, फोटो पाठवला, मग चिडीचूप. म्हणजे ट्युलिप ८ धरायचे.

प्रकल्प काय तर यंदाचं हळदीकुंकू रथसप्तमीला, २५ जानेवारीला आहे, रविवारच आलाय, आणि त्या दिवशी हॉलच्या खिडकीत ही सगळी मंडळी फुललेली पाहिजेत. दरवर्षी मार्केट यार्डातून निशिगंध आणि शेवंती आणते तेच यंदाही आणणार आहेच, पण खिडकी माझी. आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी उत्तरेला, गॅलरी पूर्वेला. हे लिहून ठेवतीये कारण प्रकाशाचा प्रश्न पुढे येणारच आहे.

आता गणित उलटं मांडायचं. ट्युलिपला १४ ते १६ आठवडे थंडी लागते, २ ते ९ अंशांची, आणि बाहेर काढल्यावर फुलायला अजून दोन-तीन आठवडे. हायसिंथला १० ते १२ आठवडे पुरतात. पेपरव्हाइट आणि अमरेलिसला थंडीचं काही नाही, ते आपल्यासारखेच, उबेत वाढलेले. पुण्यात थंडी पडते म्हणून आपण स्वेटर काढतो खरे, पण कांद्याला ती थंडी नाहीच. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ वर गेला होता, तसा एक दिवस काय कामाचा, तसे शंभर दिवस पाहिजेत सलग. पहाटे ११ आणि दुपारी २९ हा आपला हिवाळा. श्रीनगरची ट्युलिप बाग लोक बघायला जातात, तिथे ही थंडी फुकट मिळते, इथे ती लाइटबिलात येणार.

म्हणून ट्युलिप आजच फ्रिजमध्ये, ११ जानेवारीला बाहेर, बरोबर १४ आठवडे. हायसिंथ पण आजच आत, २१ डिसेंबरला बाहेर, ११ आठवडे. अमरेलिस ७ डिसेंबरला कुंडीत. पेपरव्हाइट २८ डिसेंबरला पाण्यात. कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलंय, एकादशीच्या शेजारी.

तीच तारीख, रात्री

एका हायसिंथचा बुडखा प्रवासात चेचला होता, तो टिकणार नाही असं दिसत होतं म्हणून मधोमध चिरला. बघायचंच होतं आत काय असतं. बाहेरचे पापुद्रे जांभळट, आत पांढरे मांसल पदर एकावर एक, अगदी आपला कांदाच, फक्त डोळ्यात पाणी नाही. आणि मधोमध, खाली तळाला चिकटून, करंगळीच्या नखाएवढं काहीतरी हिरवट. लेकीचं भिंग आणून बघितलं तर बाजरीचं कणीस असावं तसे दाणे दाणे, एकाला एक खेटून. प्रत्येक दाणा म्हणजे एक फूल. म्हणजे फूल ऑक्टोबरातच तयार आहे आत, गेल्या उन्हाळ्यात काढणीनंतर कोठारात पडल्या पडल्या त्याने ते घडवून ठेवलंय. आपण पाणी घालून फूल आणतो असं वाटतं, तर तसं काही नाहीये, ते आधीच आहे. थंडी लागते ती दांडा वर यायला.

पाच मिनिटांत हाताला खाज. सुरण चिरल्यावर सुटते तशीच, आणि कारणही तेच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया, अळूत असतात त्याच. चिंचेच्या पाण्याने हात धुतले. विळी वापरली होती ती दोनदा घासली कारण हायसिंथ पोटात जाणं बरं नाही, आणि हे आईंना (सासूबाईंना) सांगितलं नाही.

आण्णांना फोन केला. माहेर नारायणगावजवळ, आण्णांचं आयुष्य कांद्यात गेलंय. त्यांना सगळं सांगितलं, की असा असा विलायती कांदा आणलाय, फ्रिजमध्ये तीन महिने ठेवायचा, थंडी लागली की मधून दांडा येतो आणि फूल धरतं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी तू फ्रिजात डेंगळं आणतीस व्हय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधून येणारा तो जाड पोकळ दांडा, टोकाला फुलाचा गोंडा असलेला. रांगड्या (पावसाळा सरताना लावतात त्या) कांद्याला थंडी जास्त लागली की शेतभर डेंगळे येतात, मग कांदा मधून टणक होतो, टिकत नाही, व्यापारी भाव पाडतो. आण्णांनी जन्मभर जे होऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले तेच मी साडेतीन हजार देऊन मुद्दाम घडवायला निघालीये. मी म्हटलं, आण्णा, तुमच्या कांद्यात फूल थंडीने सुरू होतं, माझ्यात ते आधीच असतं, फरक आहे. "फरक आसंल," ते म्हणाले, "पर थंडीच ना?"

हो. थंडीच.

१२ ऑक्टोबर

फ्रिजचा नकाशा. वरच्या खणात ७ हायसिंथ आणि ३ ट्युलिप, भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत. खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ५ ट्युलिप दुसऱ्या पिशवीत, कारण वर जागाच उरली नाही. प्लास्टिकची पिशवी नको, आत दव धरतं आणि बुरशी येते. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय "खायचे नाहीत", आणि आईंसाठी खाली अजून एक ओळ, "खरंच".

आईंची तक्रार रास्त आहे. दिवाळी तोंडावर, खव्याला जागा नाही, आणि सून कांदे थंड करतीये. "अगं, कांदा फ्रिजात ठेवू नये म्हणतात ना?" म्हटलं आई, तो वेगळा. "दिसतो तर तसाच."

नियम एकच सांगितला घरात सगळ्यांना, की या पिशव्यांजवळ फळं ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळातून इथिलिन वायू सुटतो, त्यानेच एका पिकल्या केळ्याशेजारची बाकीची केळी भराभर पिकतात, आणि तोच वायू कांद्याच्या आतलं फूल जाळतो. बाहेरून काही कळत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

२६ ऑक्टोबर

भाऊबीजेला भाऊ सासवडहून येताना सीताफळं घेऊन आला. आज सकाळी कोथिंबीर काढायला ड्रॉवर उघडला तर ट्युलिपच्या पिशवीला टेकून पाच सीताफळं, पिकून डोळे उकललेली, घमघमाट. तीन दिवस होती म्हणे तिथे. कोणी ठेवली विचारलं तर कोणीच ठेवली नाहीत. आपोआप आली असतील चालत, पुरंदरावरून.

सीताफळं संपवली (उत्तम होती), ड्रॉवर पुसला, पिशवी वर कोंबली लोण्याच्या डब्यामागे. आता काय झालं असेल ते झालं, फेब्रुवारीत कळेल.

आज आणखी एक उद्योग. टोपलीत तळाला एक घरचाच कांदा कोंब फुटून पडला होता, आण्णांनी दिलेल्या गोणीतला शेवटचा. टाकवेना. ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात खाली भोकं पाडून, माती-कंपोस्ट भरून लावला आणि गॅलरीत कोपऱ्यात ठेवला. हा प्रकल्पात नाही.

१६ नोव्हेंबर

काही नाही. पिशव्या उघडल्या, हात घालून दाबून बघितले, सगळे टणक. बंद केल्या. गुरुवारी पाच तास लाइट नव्हती तेव्हा कोणाला फ्रिज उघडू दिला नाही, दुधाचा चहासुद्धा नाही, त्यावरून थोडं बोलणं झालं.

३० नोव्हेंबर

रविवारचा जुना बाजार. हायसिंथसाठी खास काचेची फुलदाणी मिळते, वर वाटीसारखं तोंड, मध्ये बारीक मान, खाली पोट, म्हणजे कांदा वर बसतो आणि मुळं खाली पाण्यात. ऑनलाइन एकेकीची किंमत बघून मी ते पान बंद केलं. जुन्या बाजारात एकाकडे निरनिराळ्या बाटल्या होत्या, जाड तळाच्या, हिरवट काचेच्या, काहींवर कुठल्याशा औषधाची उठावदार अक्षरं. ६ घेतल्या, दोनशे म्हणाला, एकशेवीसला दिल्या. सातवी म्हणून घरची मुरांब्याची बरणी.

बाटल्यांची तोंडं कांद्याला अरुंद आणि बरणीचं फार मोठं, कांदा सरळ आत डुबुक. मग आठवली चुंबळ. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची ती. अल्युमिनियमच्या तारेची तशीच गोल चुंबळ वळली, बरणीच्या तोंडावर बसवली, त्यावर कांदा अगदी ऐटीत बसला. बाटल्यांनाही तसंच, वर जरा पसरट. आई बघत होत्या, म्हणाल्या "घट्ट वळ, सैल चुंबळीवर घागर राहत नाही" आणि माझ्या हातातून घेऊन त्यांनी उरलेल्या चार स्वतः केल्या. माझ्यापेक्षा चांगल्या झाल्यात.

७ डिसेंबर

अमरेलिस लावले. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून दोन मातीच्या कुंड्या आणल्या, कांद्याच्या चहूबाजूंनी दोन बोटं जागा राहील एवढ्याच. मोठी कुंडी घेण्याचा मोह होतो, घेऊ नये, जास्तीची माती ओली राहते आणि कांदा कुजतो. कांदा निम्मा मातीवर उघडा ठेवायचा, खांद्यापर्यंत पुरायचा नाही. पाणी एकदा नीट, मग टोक दिसेपर्यंत जवळजवळ नाहीच.

नावाचा घोळ सांगण्यासारखा आहे. हे खरं अमरेलिस नाहीच, खरं अमरेलिस दक्षिण आफ्रिकेतलं, आणि हे दक्षिण अमेरिकेतलं हिपिअॅस्ट्रम, पण जगभर दुकानात अमरेलिसच म्हणतात. आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला उन्हाळ्याच्या तोंडाला जी लाल लिली फुलते, पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ असलेली, ती याचीच बहीण. माझे दोन्ही रेड लायन आहेत, नावाप्रमाणे लालभडक. ६ ते ८ आठवडे लागतात, मी सात धरलेत. जुगार आहे.

२१ डिसेंबर

हायसिंथ बाहेर! सातही टणक, बुडाला पांढऱ्या मुळांचे टोचे, वर अर्धा इंच कोंब. चुंबळीवर बसवले. पाणी कांद्याच्या बुडाला टेकता कामा नये, एक चिमूट जागा सोडायची, मुळं खाली उतरून पाणी शोधतात. पाण्यात कोळशाचा एकेक तुकडा टाकलाय, पाण्याला वास येत नाही म्हणून. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून. त्याने कशाला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता यांना दोनेक आठवडे अंधार आणि गारवा पाहिजे, मुळं भरेपर्यंत. घरातली सगळ्यात गार जागा कोणती याचा शोध लेकीने थर्मामीटर घेऊन लावला: हॉल २७, स्वयंपाकघर २९, आणि न्हाणीघरातली माळ्याखालची मोरी २१. म्हणून सात बाटल्या मोरीत, वर खोकं उपडं. आंघोळीला जाणाऱ्याने बाटल्या सांभाळायच्या. नवऱ्याने विचारलं हे किती दिवस, मी म्हटलं थोडेच.

२८ डिसेंबर

पेपरव्हाइट मांडले, आणि ही खरी सजावटीची गंमत. आईंचं पितळी घंगाळ माळ्यावर होतं, चिंच-मिठाने घासलं, लखलखीत. पण पाणी थेट पितळेत ठेवायचं नाही, तांब्याचा अंश उतरतो आणि मुळांना सोसत नाही, म्हणून आत प्लास्टिकचं पसरट टब बसवलं, ते बरोबर काठाखाली लपलं. त्यात गोटे. गोट्यांवर १३ कांदे एकमेकांना खेटून (खेटूनच छान दिसतात, सुटे सुटे ठेवले तर दुकान मांडल्यासारखं), आणि मधल्या फटीत अजून गोटे, कारण मुळं फुटली की कांदा स्वतःला वर ढकलतो आणि आडवा पडतो. पाणी बुडाच्या जरा खाली. उरलेले दोन एका काचेच्या वाडग्यात वेगळे. ते का ते पुढे.

ही झिवा नावाची जात आहे, इस्रायलमध्ये काढलेली. मूळ फूल भूमध्य समुद्राकाठचं, तिथला हिवाळा सौम्य आणि ओला, म्हणून याला थंडीचे लाड लागत नाहीत. माती नको, खत नको, सगळं कांद्यात बांधून आणलेली शिदोरी. ज्याला पहिल्यांदा करून बघायचंय त्याने हेच करावं, बाकी सगळं नंतर.

३ जानेवारी

पेपरव्हाइटचे कोंब चार सेंटिमीटर. आता दारू.

खरंच. यांची खोड ही की उबदार घरात दांडे दीड-दोन फूट वाढतात आणि फुलं आली की सगळं घंगाळाबाहेर लोळतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर प्रयोग झालेत: पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी दिलं तर दांडे एक तृतीयांश ते निम्म्याने छोटे राहतात आणि फुलाला काही होत नाही. मुळांना पाणी ओढायला किंचित जड जातं, झाड तहानलेलं राहतं आणि कमी ताणतं, एवढंच. बिअर-वाइन चालत नाही, साखर असते. १० टक्क्यांच्या वर गेलं की झाडच आजारी.

नवऱ्याच्या मित्राने कधीतरी ठेवलेली व्होडकाची अर्धी बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींमागे आहे हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे नवऱ्याला माहीत नव्हतं. ४० टक्केवाली, म्हणजे एक भाग व्होडका आणि सात भाग पाणी, झालं ५ टक्के. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं. टबमधलं पाणी काढून हे भरलं. वाडग्यातल्या दोघांना साधं पाणी, तुलनेसाठी.

आई देवघरातून आल्या, नाक वर करून म्हणाल्या "डेटॉलचा वास येतोय का गं?" मी म्हटलं, तसलंच काहीतरी आहे आई, झाडांचं औषध. खोटं नाहीये ते.

११ जानेवारी

ट्युलिप काढले. दोन कुंड्यांत लावले, एकीत लोण्यामागचे पाच, एकीत आधीपासून वर असलेले तीन. वेगळे ठेवण्यामागे सीताफळांची शंका. कांद्याची सपाट बाजू कुंडीच्या भिंतीकडे केली की पहिलं मोठं पान बाहेर वळतं, कुंडी भरलेली दिसते. तेवढं माहीत होतं, केलं.

हायसिंथची भानगड. मोरीतून चार तारखेला बाहेर काढले होते, मुळं फूटभर पांढरी, बाटलीत दाढी सोडल्यासारखी, बघतच राहावं. पण हॉलमध्ये आणल्यावर दुपारच्या उबेने घाई झाली, पानं नुसती दोन बोटं वर आणि कणीस पानांच्या बेचक्यातच रंग धरायला लागलंय. मानेतच अडकलं म्हणजे. तसंच सोडलं तर तिथेच खाली फुलेल आणि संपेल. यावर उपाय अंधार: कोंबावर कागदाची टोपी घालायची, प्रकाश शोधत दांडा वर ताणतो. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा काळा चार्टपेपर कापून निमुळत्या टोप्या केल्या, टोकाला छोटं भोक. परत गार मोरीत. (नवरा: "थोडेच म्हणाली होतीस.")

आई आत डोकावून म्हणाल्या, "या कुंच्या कोणाच्या?" सात बाटल्यांवर सात काळ्या कुंच्या, खरंच पाळणाघर दिसत होतं. बाय द वे सात नाही, सहा, एकाच्या बुडाला पाणी लागलं होतं, खालून चिकट झाला, वास मारला, गेला. पाणी चिमूटभर खाली ठेवा असं मीच लिहिलंय वर.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळाच्या वड्या, गूळपोळ्या, हातात बळ नाही. टोप्या काढल्या, कणसं चार बोटं वर आलीत. अमरेलिस एकाला जाड दांडा, टोकाला कैरीसारखी कळी, खिडकीकडे वाकतोय, रोज कुंडी पाव फिरवायची. दुसऱ्याने आधी पानंच काढलीत, आरामात आहे.

२० जानेवारी

पेपरव्हाइट फुलले!! घंगाळातले साधारण वीतभर, फार तर पंचवीस सेंटिमीटर, ताठ, एका दांड्यावर आठ-दहा पांढरे तारे. साध्या पाण्यातले दोघे ४२ सेंटिमीटर, एक कालच कोलमडला, दुसरा दोऱ्याने पडद्याच्या रॉडला बांधलाय. दारूबंदी महागात पडली त्यांना.

वासावरून घरात दोन तट. मला आणि लेकीला आवडतो. नवरा म्हणतो गोड आहे पण खाली काहीतरी आहे. आईंनी एकाच शब्दात सांगितलं, "गोठा." आणि त्यांचं चूक नाहीये, या फुलात इंडोल नावाचं द्रव्य असतं, तेच शेणातही असतं, आणि तेच थोड्या प्रमाणात मोगऱ्यात आणि जाईतही असतं, तिथे आपण मान वळवून वास घेतो. सगळा खेळ किती आहे त्याचा. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, गोठ्याचा वास येतो म्हंजी वाईट काय त्यात.

फुलं टिकवायला रोज रात्री घंगाळ उचलून गॅलरीत (पहाटे तिथे ११-१२ असतं), सकाळी आठला आत. कंबर धरलीये. दोन दिवसांनी एक लक्षात आलं की नुसतं टब उचलून नेलं तरी चालतंय, घंगाळ जागेवरच राहू दे. एवढं शिक्षण कशाला घेतलं.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. सकाळी आईंनी गॅलरीत बोळक्यात दूध उतू घातलं, त्याच्या शेजारी घंगाळाचं टब, मागे सूर्य, तेवढा एक फोटो बरा आला.

मांडणी अशी केली: खिडकीच्या कट्ट्यावर मधे घंगाळ, दोन्ही बाजूंना तीन तीन हायसिंथच्या बाटल्या, निळे डावीकडे, गुलाबी उजवीकडे. सहापैकी चार उत्तम उंचीचे, दोन बुटकेच राहिले, ते पुढे ठेवले म्हणजे मुद्दाम ठेवल्यासारखे. खाली हलव्याचे दागिने तबकात, आणि वरचे पांढरे तारे आणि खालचा पांढरा काटेरी हलवा हे इतकं जमलं की ठरवून केलं असतं तर जमलं नसतं. बाटल्यांमधून उजेड आरपार येऊन मुळं दिसत होती, बायका फुलांपेक्षा मुळंच बघत होत्या जास्त. "ही खरी आहेत?" हा प्रश्न नऊ वेळा.

अमरेलिस बरोबर वेळेवर, चार फुलं, एकेक माझ्या पंजाएवढं. आणि साडेपाचला, पहिल्या बायका यायच्या आत, कुंडी वजनाने कलंडली आणि दांडा बुडातून मोडला. ओरडलेच मी. पण याचा दांडा पोकळ असतो, डेंगळ्यासारखाच: उलटा धरून नळीत पाणी भरलं, कापसाच्या बोळ्याने तोंड बंद केलं, चिरू नये म्हणून टोकाला रबरबँड, आणि तांब्याच्या जड कळशीत उभा केला. कोणाला कळलं नाही, उलट कळशीत जास्त शोभला. आज नववा दिवस, तरी ताठ उभा आहे (ही ओळ नंतर लिहिलीये, ३ फेब्रुवारीला).

वाण म्हणून गॅलरीतल्या कुंडीतले रेन लिलीचे पाच पाच छोटे कांदे कागदी पुडीत दिले, पुडीवर "मातीत लावा, पावसात फुलतात". पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पुडी उघडून वास घेतला आणि विचारलं, "पातीच्या भाजीत घालायचे का गं?" मग प्रत्येक पुडी परत मागून पेनाने "खायचे नाहीत" लिहिलं. हा प्रकल्प म्हणजे मुळात लोकांना कांदे खाऊ न देण्याचाच आहे असं वाटायला लागलंय.

ट्युलिप? चार बोटं पानं. हळदीकुंकवाला नाहीत.

१ फेब्रुवारी

ट्युलिपचा निकाल. तिघांची कुंडी: तीन फुलं, लाल, दांडे बुटके, सकाळी दहाला पेल्यासारखी मिटलेली आणि दुपारी दोनला बशीसारखी सपाट उघडी, २९ अंशांत बिचारी काय करणार. तरी आली.

पाचांची कुंडी: पानंच. एक कोंब उकलून बघितला. पानांच्या आत कळी आहे, दीड सेंटिमीटरची, तपकिरी, कोरडी, बोटांत धरली तर कांद्याच्या सुक्या सालीसारखी चुरली. दुसरा उकलला, तेच. पाचही तसेच. वरच्या खणातल्या तिघांना फूल, सीताफळाच्या शेजारच्या पाचांपैकी एकालाही नाही. चौदा आठवडे जरा कमीच, घर उबदार, ते सगळं खरं, पण ते तर तिघांनाही तेवढंच होतं. मी आईंना काही बोलले नाही, त्यांनीच कुंडीकडे बघून विचारलं, "ती सीताफळं?" म्हटलं बहुतेक. "पण गोड होती," त्या म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

आवराआवर. पेपरव्हाइट आणि हायसिंथ कंपोस्टमध्ये. पाण्यावर फुलवलेला कांदा रिकामा होतो, दाबून बघितला तर पोचट, आणि हायसिंथला आपल्याकडे पुढच्या वर्षी परत थंडी कोण देणार. ट्युलिपही तेच. अमरेलिस मात्र ठेवायचे, दुसऱ्याला आत्ता कुठे कळी दिसतीये, त्याच्या मनाने येऊ दे. फुलं झाली की पानं कापायची नाहीत, पावसाळाभर ऊन आणि खत, मग सप्टेंबरअखेर पाणी तोडून आठ-दहा आठवडे कोरडं झोपवायचं.

पुढच्या वर्षासाठी: ट्युलिप नाहीत. हायसिंथ १०, मोरीतून उशिरा काढायचे. पेपरव्हाइट ३०. व्होडका स्वतःची आणायची, कारण बाटलीतली पातळी कोणाच्या तरी लक्षात आलीये.

आणि गॅलरीतला ऑइलपेंटचा डबा. त्याच्याकडे तीन महिने कोणी नीट बघितलंही नाही, कपडे वाळत घालताना टपटपणारं पाणी तेवढं मिळालं. आज सकाळी बघितलं तर तीन डेंगळे, कमरेच्या वर, आणि टोकाला पांढरे गोंडे, चेंडूएवढे, शेकडो बारीक फुलांचे, हिरवी रेघ प्रत्येक पाकळीला. वर मधमाश्या. तिसऱ्या मजल्यावर कुठून आल्या कोण जाणे, विलायती फुलांकडे एकही फिरकली नव्हती.

आण्णांना व्हिडिओ कॉल करून दाखवले. आधी फ्रिजमधलेच समजले. म्हटलं नाही, हा तुमच्या गोणीतला, खर्च शून्य. मग त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, नुसता कान दिसायला लागला.

"काळं बी दिसाया लागलं की गोंडं काप," ते म्हणाले, "पेपरावर वाळव. उन्हात न्हाई, सावलीत. आन् पुडीवर ल्ही."

"काय लिहू? खायचे नाहीत?"

"तारीख ल्ही. वर्साच्या वर बी उगवत न्हाई."